थंड हवेत काकडी कधी लावावी? (एडिनबरा, तिसरा प्रयत्न)

परसदारी | ९ मे, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. आम्ही स्कॉटलंडमध्ये, एडिनबरात राहतो. दोन वर्षांपूर्वी अलॉटमेंटचा, म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा, अर्धा तुकडा मिळाला. बटाटे, वाटाणे, पालक, मुळे छान येतात. मेथी तर एवढी आली की शेजारच्या वाफ्यावरच्या आजींनाही पराठे करायला शिकवले. काकडी मात्र दोन्ही वर्षं हातची गेली.

पहिल्या वर्षी मार्चमध्ये खिडकीत कुंडीत बी टाकलं आणि एप्रिलच्या शेवटी रोपं बाहेर लावली. आठवड्याभरात पानं पांढरी पडून गळाली. दुसऱ्या वर्षी १५ मेपर्यंत थांबले. रोपं मेली नाहीत, पण जुलैपर्यंत वीतभरच राहिली. दुपारी माना टाकायची म्हणून मी रोज पाणी घालत गेले आणि शेवटी खोड बुडाशी कुजलं. यंदाही मार्चअखेर लावलेली चार रोपं खिडकीत आहेत. उंच झालीत, पण काटकुळी, आणि त्यांना आत्ताच फुलं आलीत. मी सांगलीची. आमच्याकडे काकडीचं बी टाकायचं आणि विसरून जायचं, एवढंच माहीत होतं. इथे नक्की कुठे चुकतंय? कृपया ज्यांनी खरंच काकड्या काढल्यात त्यांनी सांगा.

ग्रॅनाइट_गाव | ९ मे, रात्री ११:३५

परसदारी, मी तुमच्याही वर, ॲबर्डीनला असतो. अकरा वर्षं काकडी लावतोय, त्यातली पहिली तीन तुमच्यासारखीच गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही तारीख बघताय. काकडी तारीख बघत नाही, ती माती बघते. दिवसा ऊन पडलं, आपण जाकीट काढलं, म्हणून माती तापत नाही. साधा मातीचा थर्मामीटर घ्या, बोटभर खोल खुपसा आणि सकाळी नऊच्या आसपास आकडा वहीत लिहा. लागोपाठ पाच-सहा दिवस १५-१६ अंशांच्या वर दिसला तरच रोप बाहेर न्या. १० अंशांच्या खाली काकडीला इजा होते. त्यासाठी बर्फ पडायला लागत नाही. कोबी-वाटाण्याला ८ अंश म्हणजे काहीच नाही, काकडीला ते दुखणं आहे.

दुसरं, मार्चमध्ये बी टाकू नका. त्याचा फायदा फक्त गरम केलेलं ग्रीनहाऊस असणाऱ्यांना. काकडीचं रोप तीन ते चार आठवड्यांत लावायला तयार होतं. ते टोमॅटोसारखं आठ आठवडे कुंडीत राहत नाही, त्याची मुळं कोंडली की ते खुंटतं. म्हणजे उलटा हिशेब करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाहेर लावायचं असेल तर बी मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात टाकायचं. म्हणजे उद्याच. तुम्हाला अजिबात उशीर झालेला नाही!

बी कसं टाकायचं: ९ सेंटीमीटरच्या कुंडीत एक किंवा दोन बिया, पेराएवढ्या खोल, बी आडवं न झोपवता कडेवर उभं. सपाट बी ओलं राहून कुजायची भीती असते. कुंडी घरातल्या सगळ्यात उबदार जागी ठेवा. २५ अंशांना चार-पाच दिवसांत कोंब येतो, २० ला आठवडाभर लागतो, १५ ला दोन आठवडे, आणि तोवर बरीच बियाणी सडून जातात. कोंब दिसल्या दिवशीच कुंडी उजेडात हलवा, नाहीतर रोप तुमच्यासारखं काटकुळं होतं. मुळांना धक्का लागलेला काकडीला खपत नाही, म्हणून मी वर्तमानपत्राच्या पुंगळ्या करून त्यात पेरतो आणि पुंगळीसकट लावतो.

बाहेर नेण्याआधी आठ-दहा दिवस सवय लावा. आधी दोन तास आडोशाला, मग दिवसभर, रात्री परत आत.

परसदारी | १० मे, सकाळी ९:५०

आज सकाळी धावत जाऊन मोजलं. वाफ्याची माती साडेदहा अंश! आणि गेल्या वर्षी मी याच आठवड्यात रोपं लावली होती. बिचारी.

आमच्याकडे पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून थंड धुकं आत येतं, इथे त्याला ‘हार’ म्हणतात. मैलभर आत ऊन असतं आणि आमच्या वाफ्यावर दुपारी बारा अंश. यावर काही करता येईल का?

इसारकाठ | १० मे, दुपारी २:१५

म्युनिकहून लिहितेय. इथले जुने लोक ‘आइसहायलिगन’, म्हणजे बर्फाच्या संतांचे दिवस, उलटेपर्यंत काकडी-टोमॅटो बाहेर काढत नाहीत. ११ ते १५ मे हे पाच दिवस पाच संतांचे, शेवटची १५ मेची ‘थंड सोफी’. माझ्या शेजारच्या आजोबांनी पहिल्याच वर्षी कुंपणावरून मला हे सांगितलं, तेव्हापासून मी सोफी जाईपर्यंत हात लावत नाही. आपल्याकडे नक्षत्रांवर पेरा ठरतो, तसंच वाटलं मला ते. ग्रॅनाइट यांचं म्हणणं खरंच आहे, तारीख उलटली म्हणजे माती तापली असं नाही. पण फ्रॉस्टचा धोका उतरला, एवढं त्यातून कळतं.

एक वेगळी गोष्ट सांगते. इथल्या नर्सऱ्यांत कलमी काकडी मिळते. खाली अंजिराच्या पानासारखी पानं असणाऱ्या भोपळ्याचं मूळ आणि वर काकडी. त्या भोपळ्याची मुळं थंड मातीतही काम करतात, शिवाय मातीतल्या मर रोगालाही दाद देत नाहीत. रोप महाग पडतं, पण मी एक कलमी आणि एक साधं शेजारी-शेजारी लावलं होतं. गार पडलेल्या जूनमध्ये साधं पिवळं पडून बसलं, कलमी चढत राहिलं. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा. जोड पुरला तर काकडी स्वतःची मुळं सोडते आणि कलमाचा उपयोग संपतो.

राहुरीकर | १० मे, संध्याकाळी ७:००

मी कृषी खात्यातून निवृत्त झालो. मुलीकडे लीड्सला दर उन्हाळ्यात येतो, म्हणून दोन्हीकडची काकडी पाहिली आहे.

परसदारी ताई, आपल्या दुसऱ्या वर्षाच्या रोपाबद्दल लिहितो, कारण ती चूक फार जण करतात. माती गार असली की काकडीच्या मुळांना पाणी ओढताच येत नाही. वर ऊन असतं, पानं पाणी सोडत राहतात, खालून पुरवठा नाही, म्हणून रोप मान टाकतं. आपल्याला वाटतं तहान लागली. आपण पाणी घालतो. माती आणखी गार होते, हवा कोंडते आणि बुरशी खोड पकडते. असं दिसलं तर आधी बोट घालून ओल पाहावी. ओल असेल तर पाणी अजिबात देऊ नये, वरून झाकून ऊब द्यावी. पाणीही नळाचं थेट देऊ नये. बादलीत भरून दिवसभर उन्हात ठेवलेलं पाणी सकाळी द्यावं.

माती तापवायचे उपाय आपल्याकडच्या गादीवाफ्यासारखेच. वाफा वीतभर उंच करा, त्यातलं जास्तीचं पाणी निघून जातं आणि कोरडसर माती लवकर तापते. लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी काळं प्लॅस्टिक घट्ट अंथरा, मातीला चिकटलं पाहिजे. पुढे त्यालाच फुलीसारखी चीर देऊन रोप लावा. पेंढ्याचं आच्छादन मात्र जूनमध्ये नको, ते मातीला गारच ठेवतं. माती पुरेशी तापली की मग घाला. खालून भरपूर कुजलेलं शेणखत द्या. काकडीला भूक मोठी असते.

परसदारी | १० मे, रात्री ९:२०

काका, तुम्ही अगदी माझ्या वाफ्यावर उभं राहून लिहिल्यासारखं लिहिलंय. मी दोन्ही करून बघते. खिडकीतली चार जुनी रोपं टाकवत नाहीत, त्यातली दोन ठेवते आणि आज नव्या सहा बिया टाकल्या. काळं प्लॅस्टिक उद्या अंथरते. बियाणं ‘मार्केटमोर ७६’. बरोबर आहे का? आईकडून सांगलीचं गावठी बी मागवू का?

ग्रॅनाइट_गाव | ११ मे, सकाळी ८:०५

मार्केटमोर उत्तम. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेला वाण आहे, खपली आणि मोझॅक या दोन्ही रोगांना बऱ्यापैकी तोंड देतो आणि बाहेर उघड्यावर चालतो. ग्रीनहाऊस असेल तर ‘कार्मेन’सारखी फक्त मादी फुलं देणारी जात घ्या. तिला परागीभवनही लागत नाही. पण एक कळकळीची विनंती, दोन्ही जाती एकत्र लावू नका. मार्केटमोरला नर फुलं आणि माश्या लागतात. तोच पराग ग्रीनहाऊसच्या मादी फुलांवर पडला तर त्या काकड्यांत बी धरतं, आकार बिघडतो आणि कडवटपणा येऊ शकतो. ‘टेलिग्राफ’सारख्या जुन्या ग्रीनहाऊस जातीची नर फुलं लोक रोज खुडतात ती म्हणूनच. ते वाचून कुणीतरी बाहेरच्या वेलाचीही नर फुलं खुडतं आणि मग एकही काकडी धरत नाही. पाकिटावर नीट वाचा.

राहुरीकर | ११ मे, सकाळी ११:३०

गावठी बियाण्याबद्दल. एक तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटशिवाय (बी रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) ब्रिटनमध्ये बी सामानातून किंवा टपालाने आणणं नियमाबाहेर आहे, कारण बियाण्यातून रोग येतात. माझी मनापासून विनंती, कुणीही आणू नका. दुसरं, काकडीत नर-मादी फुलांचं प्रमाण दिवसाच्या लांबीवर आणि उष्णतेवर बदलतं. लहान दिवस आणि गारवा असला की मादी फुलं वाढतात, लांब दिवसांत नर फुलं वाढतात. आपल्याकडे मोठ्यात मोठा दिवस साधारण तेरा तासांचा. एडिनबराला जूनमध्ये साडेसतरा तास! आपले वाण त्या उजेडात नर फुलांनीच भरून जाण्याची शक्यता मोठी. हिमांगी, फुले शुभांगी हे आमच्या राहुरीच्या विद्यापीठाचे वाण मला लेकरांसारखे आहेत, पण ते आपल्या मातीसाठी आहेत.

रॉकीज_पायथा | १२ मे, सकाळी ६:४५

कॅनडातल्या कॅल्गरीहून. आमची अडचण उलटी आहे. जुलैत दिवसा २५-२६ अंश, कडक ऊन, पण आम्ही हजार मीटरहून उंचावर, म्हणून रात्री आठ-नऊ अंशांवर जातं. हंगामही आखूड, सप्टेंबरच्या मध्यावर खेळ खलास. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात लावते आणि वेलाभोवती पाणी भरलेले चार-चार लिटरचे कॅन ठेवते. दिवसभर ते तापतात, रात्री ऊब सोडतात. वर कमानी करून फ्लीस (रोपांवर घालायचं पातळ पांढरं कापड), तेच गारांपासूनही थोडंफार वाचवतं. आमच्याकडे जुलैत गारपीट ठरलेली. गेल्या वर्षी दहा मिनिटांत माझ्या वेलाची चाळण झाली होती. त्या संध्याकाळी मी अंगणात बसून रडले, खरं सांगते.

दहाहजार_तळी | १२ मे, रात्री ८:३०

मिनिॲपोलिस. वाचणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. थंड हवा दोन प्रकारची. आमच्याकडे हिवाळा भयंकर, पण उन्हाळा आपल्या देशावरच्यासारखा गरम आणि दमट. इथे रोपं करायची गरजच नाही. मेच्या शेवटी थेट वाफ्यात बी टाकतो, ते घरातल्या रोपाला गाठतं. एडिनबरा-ॲबर्डीनला उन्हाळाच गार, तिथे रोप आणि आडोसा दोन्ही हवं. अमेरिकेतलं वेळापत्रक वाचून स्कॉटलंडमध्ये लावू नका आणि स्कॉटलंडचं इथे नको.

आमचा खरा शत्रू पिवळा-काळा पट्टेरी भुंगेरा. तो नुसती पानं खात नाही, मर रोगाचे जिवाणू वेलात सोडतो. हिरवागार वेल दोन दिवसांत कोमेजतो. खोड कापून दोन तुकडे जुळवले आणि हळूच ओढले की चिकट तार निघते. तसं दिसलं तर वेल उपटून टाकायचा, दुसरा इलाज नाही. म्हणून रोप लहान असताना जाळीखाली ठेवा आणि मादी फुलं आली की जाळी काढा, नाहीतर माश्या आत जाणार कशा?

परसदारी | ८ जून, रात्री १०:००

महिन्याने लिहितेय. नव्या सहापैकी पाच उगवली, पाचव्या दिवशी. काळ्या प्लॅस्टिकखाली माती १ जूनला १५, काल साडेसोळा. उघड्या वाफ्यात त्याच दिवशी १३! प्लॅस्टिकने एवढा फरक पडतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. काल दोन जुनी, तीन नवी लावली, ४५ सेंटीमीटर अंतरावर, दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीला धरून. उरलेली दोन शेजारच्या आजींच्या छोट्या ग्रीनहाऊसमध्ये. वर फ्लीस. जुनी रोपं हातभर उंच, नवी चार पानांची. आत्ता तरी जुनीच पुढे आहेत.

ग्रॅनाइट_गाव | ९ जून, सकाळी ७:२०

जुन्या रोपांची फुलं आणि बोटाएवढी फळं आत्ता खुडून टाका. जीव होतोय कासावीस, पण वेलाला आधी मूळ आणि पान करू द्या. बाहेरच्या वेलाला सहा-सात पानं झाली की शेंडा खुडा, बगलफुटवे येतील. ग्रीनहाऊसमधल्याचा मुख्य शेंडा छतापर्यंत जाऊ द्यायचा, बगलफुटवे मात्र मादी फुलापुढे दोन पानं ठेवून खुडायचे. आणि रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारा. बिनशंखाच्या गोगलगाई कोवळं रोप एका रात्रीत बुडापासून साफ करतात.

परसदारी | ११ जुलै, रात्री ९:४५

जुनी रोपं जिथल्या तिथे आहेत. नवी त्यांच्या डोक्यावरून गेली! ग्रॅनाइट, तुम्ही म्हणाला होतात. मार्चपासून जपलेली रोपं मेमध्ये पेरलेल्यांच्या मागे पडली. पण फुलं आलीत ती सगळी नर. एकाही फुलामागे काकडी नाही.

राहुरीकर | १२ जुलै, दुपारी १:००

घाबरू नका. आधी नर फुलंच येतात, मादी आठ-दहा दिवसांनी, बहुतेक बगलफुटव्यांवर. मादी फुलामागे बाळकाकडी दिसतेच. गार-पावसाळी दिवसांत मधमाशी फिरत नाही, बंबलबी मात्र कमी तापमानातही काम करते, तिच्यासाठी जवळ बोरेजसारखी फुलझाडं असू द्या. तरीही फळं पिवळी पडून सुकली तर सकाळी ताजं नर फूल खुडून पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. फूल एकच दिवस उमललेलं असतं, उद्यावर टाकू नका.

फळं धरली की दर दहा-बारा दिवसांनी टोमॅटोचं पोटॅशवालं द्रवखत द्या. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. मुळाशी कोरड पडली आणि वर हवा कोंदट राहिली की ती जोर धरते. पाणी मुळाशी, पानांवर नाही. ग्रीनहाऊसच्या पानाखाली बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. तिथे उलट हवा कोरडी पडलेली असते, सकाळी जमिनीवर पाणी मारून दमटपणा वाढवा.

परसदारी | ४ ऑगस्ट, रात्री ८:१५

पहिली काकडी!! ग्रीनहाऊसमधली, २८ जुलैला. बाहेरची आज. १८ सेंटीमीटर. आजींना निम्मी दिली. उरलेली मी चोचवून, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, लिंबू आणि वरून जिऱ्याची फोडणी घालून खमंग काकडी केली. मुलाने पहिल्यांदाच काकडी मागून घेतली. बाजारातल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या काकडीला हा वासच नसतो.

एक प्रश्न. बाहेरच्या काकडीचं देठाकडचं टोक कडू लागलं.

इसारकाठ | ४ ऑगस्ट, रात्री १०:३०

अभिनंदन! डोळे भरून आले वाचून.

कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. ते देठाजवळ आणि सालीखाली जास्त असतं. गार रात्री किंवा पाण्याची ओढ बसली की वेल ते जास्त तयार करतो. आई टोक कापून त्यावरच घासायची आणि पांढरा फेस काढायची. घासण्याचं मला माहीत नाही, पण दोन बोटं टोक काढून टाकलं आणि साल जाडसर सोलली की बराचसा कडूपणा जातो. सगळीच काकडी फार कडू असेल तर खाऊ नका, पोट बिघडतं. पाणी नेमाने द्या. आणि काकडी फ्रिजच्या गार कप्प्यात ठेवू नका. काढल्यावरही १० अंशांच्या खाली ती पाणचट होते, खड्डे पडतात.

तवसाळी | ६ सप्टेंबर, सकाळी ११:१०

मी आजवर फक्त वाचत होते. मी वेंगुर्ल्याची, सध्या ग्लासगोला. हा धागा वाचून मेअखेर दोन बिया लावल्या. एक काकडी पानाआड राहून गेली, पिवळी झाली, मनगटाएवढी. आमच्याकडे गणपतीत माटवीला (गणपतीवरच्या लाकडी चौकटीला) तवसं, म्हणजे मोठी काकडी, टांगतात. मी हीच टांगली. मग विसर्जनानंतर किसून, गूळ, तांदळाचा रवा, खोबरं, वेलची घालून तवसाळी केली. जून काकडी फुकट जात नाही, हे सांगायला लॉगिन केलं.

परसदारी | २१ सप्टेंबर, रात्री ९:००

काल वेल काढले. रात्री पाच अंश झालं, पानं काळवंडली. हिशेब लिहिते: बाहेरचे तीन नवे वेल मिळून २३ काकड्या, जुने दोन मिळून ४. आजींच्या ग्रीनहाऊसमधले दोन, ३१. दिवसाआड काढत राहिले, एखादी जून होऊ दिली की नवी फळं धरणं लगेच मंदावायचं.

तवसाळीताई, मीही एक मुद्दाम पिवळी होऊ दिली आहे, बियाण्यासाठी. मार्केटमोर संकरित नाही, म्हणून बी धरावं म्हटलं. काका, गर काढून पाण्यात किती दिवस ठेवायचा?

राहुरीकर | २२ सप्टेंबर, सकाळी ९:३०

दोन ते तीन दिवस, उबेला, रोज ढवळून. बुळबुळीत आवरण सुटलं की चांगलं बी तळाशी बसतं, पोकळ बी वर तरंगतं, ते ओतून टाका. धुऊन सावलीत कागदावर वाळवा, उन्हात नको. आजींच्या ग्रीनहाऊसमध्ये दुसरी जात होती का? असेल तर माशीने पराग इकडचा तिकडे केला असू शकतो, मग पुढची काकडी मार्केटमोरच निघेल असं नाही. तरी चार बिया मेमध्ये लावून बघा. पाकिटावर तारीख आणि ‘एडिनबरा’ असं लिहून ठेवा.